आमच्या कॉलेजचा संघ यंदा काय करणार?

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ गेल्या तीन वर्षांत तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला. ऐकणाऱ्याला वाटेल, तीन वर्षांत तीनच सामने कसे? तर आमच्या विभागाची स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो घरी गेला. म्हणजे आमच्या पोरांचा ‘हंगाम’ एका दुपारी सुरू होतो आणि त्याच दुपारी, चारच्या चहाच्या आत, संपतो. उरलेलं वर्षभर मग ‘आपण कसे हरलो’ यावर कट्ट्यावर चर्चा चालते. त्या चर्चेत मीही असतो.

माझा संबंध काय, ते आधी सांगतो. मी याच कॉलेजातून बी.ए. झालो, मराठी विषय घेऊन. १९८९ ते १९९१ अशी दोन वर्षं कॉलेजच्या संघाचा गोलकीपर होतो. कविता नंतर आली. लिहितो मराठीत, तरी गाव मला ‘शायर’ म्हणतं आणि मैदानावरची पोरं ‘चाचा’ म्हणतात. गोलकीपरचं आणि लेखणीचं काही तरी जमत असावं. अल्बेर काम्यू हा फ्रेंच लेखक तरुणपणी अल्जिअर्समधल्या विद्यापीठाच्या क्लबचा गोलकीपर होता. त्याचा खेळ क्षयानं थांबवला, माझा निवड समितीनं. असो.

दर जूनमध्ये जिमखान्याचे सर मला बोलावतात. नवीन पोरं बघायची, चहा प्यायचा आणि ‘यंदा बरं दिसतंय’ असं म्हणून उठायचं, हा शिरस्ता. यंदा मात्र सरांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, “शायर, वरून विचारणा झालीय. तीन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर. यंदा प्रवेशिका भरायची का नको? तोच पैसा दुसऱ्या खेळाला द्यावा, असं चाललंय.” मी म्हटलं, मला आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत जे बघितलं आणि विचारून घेतलं, तेच आज सांगणार आहे.

बाहेरगावच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की कोल्हापूरच्या कॉलेजचा संघ फुटबॉलमध्ये हरतोच कसा? महाराष्ट्र क्रिकेट बघत असताना हे गाव दुपारी कामं टाकून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसतं. इथल्या पोराला चालायला लागल्यावर चेंडू मिळतो. मग अडतंय कुठं? तर अडतंय ते नेमकं याच वेडापाशी. ते समजायचं तर तालीम म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं.

शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान झालं. पेठापेठांत तालमी होत्या, आखाड्यातली लाल माती होती, पहाटे जोर-बैठका मारणारी पोरं होती. पुढं याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून आमच्याकडच्या संघांची नावं ऐकली की परका माणूस बुचकळ्यात पडतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, वाघाची तालीम. ही कुस्तीच्या आखाड्यांची यादी वाटते, पण हे आमचे फुटबॉलचे संघ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे गावाच्या भाषेत केएसए, यांच्याकडं हे संघ खेळाडूंची नोंदणी करतात, वरिष्ठ गटाची १६ संघांची लीग होते, आणि मग चषकामागून चषक. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. कोल्हापुरी माणूस त्याला ‘ईर्षा’ म्हणतो. पुस्तकी मराठीत हा शब्द वाईट आहे, आमच्याकडं तो कौतुकानं उच्चारला जातो. त्या ईर्षेपायी कधी पायऱ्यांवरून दगड आलेत आणि पोलिसांना धावावं लागलंय, हेही खरं. त्याचं कौतुक मी करणार नाही.

पण तालीम म्हणजे नुसता संघ नव्हे. तिथं गणपती बसतो. मोहरमला पंजे बसतात, आणि पंजाची सेवा करणाऱ्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान, हे बाहेरच्याला ओळखू येणार नाही. घरात कुणी आजारी पडलं तर रात्री रिक्षा घेऊन येतात ती तालमीचीच माणसं. लग्नात पंगत वाढतात ती हीच. पोराला पहिले बूट तालीम घेऊन देते. कॉलेजात प्रवेश मिळत नसला तर प्राचार्यांच्या दाराशी उभा राहणाराही बहुतेक वेळा तालमीतलाच कुणी वडीलधारा असतो. आता असं पोर अठराव्या वर्षी कॉलेजात आलं, तर त्यानं जीव कुणासाठी टाकायचा? कॉलेजची जर्सी त्यानं तीन वर्षं घालायची आहे. तालमीची त्याच्या चुलत्यानं घातली होती आणि उद्या पुतण्या घालणार आहे.

त्यात दोघांची कॅलेंडरं उलटी. तालमीचा हंगाम पावसाळा सरल्यावर, थंडीत उभा राहतो आणि वळवाच्या पावसापर्यंत चालतो. कॉलेज भरतं जूनमध्ये, आणि विद्यापीठाच्या स्पर्धा येतात पावसाच्या चिखलात नाही तर त्याच्या शेपटावर. म्हणजे कॉलेजला जेव्हा पोर हवं असतं, तेव्हा ते सहा महिने खेळून दमलेलं असतं. घोटा सुजलेला, गुडघ्याला पट्टी. तालीम त्याला बजावते, “आता विश्रांती घे. चिखलात पाय मोडून घेऊ नको.” तालमीचं चुकतं असं मला वाटत नाही. पण परिणाम काय होतो? हे चांगले खेळाडू कॉलेजच्या सरावाला येत नाहीत, सामन्याला तेवढे येतात. मोटारसायकलवरून उतरतात, जर्सी मागतात आणि मैदानात जातात.

माझ्या वेळी याहून मजा होती. आमच्या संघात डावीकडचा फॉरवर्ड मंगळवार पेठेतला आणि उजवीकडचा शिवाजी पेठेतला. त्याच उन्हाळ्यात दोघांच्या तालमींचा सामना होऊन बरीच बाचाबाची झाली होती. कॉलेजच्या सामन्यात मी मागं गोलमधून सगळं बघतोय. उजवीकडचा एकटा, मोकळा, हात वर करून पळतोय, आणि डावीकडचा चेंडू घेऊन तिघांच्या घोळक्यात घुसतोय. मी घसा फोडून ओरडलो, “अरे, पास दे त्याला!” त्यानं पळता पळता मागं वळून उत्तर दिलं, “त्याला? मेलो तरी देणार न्हाई!” आम्ही २-१ असे हरलो. आज ते दोघं एकमेकांचे व्याही आहेत. पण तो पास काही मिळाला नाही तो नाहीच.

आता गेल्या वर्षीच्या सामन्याकडं येतो, कारण यंदाचं भाकीत त्यावर अवलंबून आहे. मध्यंतराला ०-० होतं. पायरीवर माझ्याशेजारी बसलेले सर खुशीत होते. मग शेवटच्या पंचवीस मिनिटांत आमच्यावर चार गोल झाले. पोरं म्हणाली, नशीब. मला ते नशीब वाटलं नाही. चांगला फुटबॉलपटू पूर्ण सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतो. ते पळणं मॅरेथॉनसारखं एका लयीत नसतं. चालायचं, दुडकायचं, मध्येच जीव खाऊन वीस पावलं सुटायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा सुटायचं. चिखलात तर प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. हा दम जूनपासून रोज घाम गाळला तर सप्टेंबरात छातीत असतो. सामन्याच्या दिवशी मोटारसायकलवरून उतरून तो येत नाही. पायातलं कसब पन्नासाव्या मिनिटाला असतं तेवढंच सत्तराव्यालाही असतं, पण तिथवर ते पोचवणारी फुप्फुसं नसतात.

दुसरं कारण जरा उकलून सांगावं लागेल. बचावफळीत चार जण असतात. बघणाऱ्याला वाटतं, चौघांनी आपापला माणूस धरला की झालं. खरं म्हणजे चौघांनी मिळून जड कपाट जिन्यावरून उतरवावं तसं ते काम आहे. चौघांनी एकदम उचलायचं, एकदम पायरी उतरायची, एकदम टेकायचं. एक जण पायरीभर मागं राहिला की कपाट कोसळलंच. फुटबॉलमध्ये ऑफसाइडचा नियम आहे. पास निघतो त्या क्षणी समोरचा खेळाडू चेंडूच्या पुढं असेल, तर त्याच्या आणि गोललाइनच्या मध्ये, सहसा गोलकीपर धरून, आपले दोन जण तरी हवेत किंवा त्याच्या रेषेत हवेत. नाही तर तो खेळाडू ऑफसाइड. म्हणून बचावफळी एका रेषेत पुढं सरकली की समोरचे फॉरवर्ड अडकतात. पण चौघांतला एक दमून मागं रेंगाळला, तर त्याच्या एकट्याच्या चुकीनं समोरचे सगळे मोकळे. गेल्या वर्षी आमचे चार गोल बरोबर असेच झाले. चौघांतले दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांशेजारी उभे होते. एकानं दुसऱ्याला हाक मारायची तर त्याला नावसुद्धा माहीत नव्हतं. “ए निळ्या बुटाच्या!” अशी हाक मी माझ्या कानानं ऐकली.

मी सरांचं हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं. मैदानात उतरलेल्या अकरांपैकी सात जण तालमींचे. सातही जणांची मिळून सरावाची हजेरी बोटांवर मोजता आली. आणि जी पोरं रोज येत होती, ती बाकावर बसून जर्स्या सांभाळत होती.

ही बाकावरची पोरं कोण, हे मला या आठ दिवसांत कळलं, आणि खरं सांगतो, थोडी लाजही वाटली. इतकी वर्षं मी मैदानावर जातो, पण माझी नजर पेठेतल्या नावाजलेल्या पोरांवर. ही पोरं राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा भागातली. कुणी वसतिगृहात राहतं, कुणी एस.टी.चा पास काढून रोज जा-ये करतं. त्यांच्या गावाला तालीम आहे, पण फुटबॉलचा संघ नाही. कोल्हापुरातल्या तालमींत त्यांना कोण विचारणार? त्या संघांत आता बाहेरच्या शहरांतले, मध्यंतरी तर आफ्रिकेतून आलेले खेळाडूही उतरले, तिथं गगनबावड्याच्या पोराला कोण उभं करणार? त्यांना अंगावर जर्सी चढवायची असेल, तर कॉलेजच्या संघाशिवाय दुसरा दरवाजाच नाही. प्रवेशिका भरली नाही तर पेठेतल्या पोराचं काही बिघडत नाही. तो डिसेंबरात शाहू स्टेडियमवर दिसेलच. बिघडेल ते या बाकावरच्यांचं.

यावर सर मला म्हणाले, “पण यातून मोठा खेळाडू निघणार का?” प्रामाणिक उत्तर द्यायचं तर बहुधा नाही. पूर्वी मोठ्या फुटबॉलचा रस्ता कॉलेजवरून जात असे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान होते टी. आओ. नागा टेकड्यांमधून कोलकात्याला वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले. शिकता शिकता मोहन बागानकडून खेळले, देशाचे कप्तान झाले, आणि नंतर डॉक्टर म्हणून आपल्या मुलखात परतले. आता तो रस्ता बदलला. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. सगळ्या गावाची छाती फुगली होती. पण तो कॉलेजच्या संघातून गेला नाही. कोवळ्या वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. आता मोठा खेळाडू व्हायचं तर बारा-तेराव्या वर्षी घर सोडावं लागतं. अठराव्या वर्षी कॉलेजात येऊन पहिल्यांदा नीट बूट घालणारा पोरगा भारताच्या संघात जाणार नाही, हे त्यालाही माहीत असतं.

मग तो येतो कशाला? एक कारण व्यवहाराचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठल्या पातळीवरची कामगिरी लागते याचे नियम कडक आहेत आणि नुसतं कॉलेजकडून खेळून काही मिळत नाही. पण विभागीय स्पर्धेत कुणाच्या नजरेत भरला, तर विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी, तिथून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी शिडी आहे. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, म्हणजे शिडीवर गर्दी बरीच. वयाची मर्यादा २५. आणि पहिली पायरी कॉलेजचा संघ. ती पायरीच काढून घेतली तर वर कोण चढणार?

दुसरं कारण मला एका पोरानं सांगितलं. त्याचं नाव सांगत नाही. गगनबावड्याकडचा आहे, गोलकीपर आहे, म्हणून माझा जीव त्याच्यावर जरा जास्त. म्हणाला, “चाचा, वर्गात मला कोण वळखत न्हाई. हितं मी गोली हाय.” बस, एवढंच म्हणाला.

हरणाऱ्या संघाचं काय होतं यावर विचार करत होतो, तेव्हा ह्यूस्टनला असलेल्या माझ्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणतात तो खेळ वेगळा, लांबट चेंडू हातात धरून पळायचा आणि एकमेकांना आडवं करायचं. पण कॉलेजच्या संघांचं वेड तिथं इतकं, की मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार माणसं बसतात. भाच्यानं मला त्याच्या गावाजवळच्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाची हकीकत सांगितली. कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं हे जुनं विद्यापीठ. त्यांचा संघ १९८९ पासून हरायला लागला. मध्ये पैशाच्या भानगडींमुळं १९९० चा हंगाम बंदच ठेवला. पुन्हा उभा केला तो खेळाडूंना शिष्यवृत्त्या न देता. शिष्यवृत्ती देऊन दणकट पोरं आणणाऱ्या संघांसमोर ही आपल्या हौसेनं आलेली पोरं. सलग किती सामने हरले असतील? ८०. शेवटी २६ सप्टेंबर १९९८ ला त्यांनी लँगस्टन विद्यापीठाला १४-१२ असं हरवलं. मी ही गोष्ट आमच्या पोरांना चहाच्या टपरीवर सांगितली. मला वाटलं होतं, तीन पराभवांचं ओझं जरा हलकं होईल. गोली म्हणाला, “पर चाचा, त्यांच्या कॉलेजनं ऐंशी येळा प्रवेशिका भरली म्हणायची.”

यावर मला उत्तर नव्हतं. मी उठून सरांकडं गेलो.

माझं म्हणणं साधं होतं. संघ उतरवायचा, पण अकरा जण रजिस्टरमधून निवडायचे. ज्याची हजेरी नाही तो खेळणार नाही, मग तो कुठल्याही तालमीचा हिरो असो. सर म्हणाले, “शायर, सहा गोलनं हरू.” मी म्हटलं, “चार गोलनं हरतोच आहोत. दोन गोल जादा खाऊ.” अर्थात हे बोलायला सोपं. सरांना वर उत्तर द्यायचं असतं, मला नाही. आणि तालमीची सगळीच पोरं वगळावीत असं माझंही म्हणणं नव्हतं. एक हाफ आहे, मधल्या फळीत खेळणारा. त्याच्या पायात चेंडू गेला की आजूबाजूचे पाच जण आपोआप शहाणे होतात. तो स्वतःहून माझ्याकडं आला. म्हणाला, “चाचा, मी सरावाला येतो. फक्त तालमीत सांगू नका.” असं चोरून कसं चालेल? म्हणून मीच त्याच्या तालमीत गेलो.

मोहरमचे दिवस होते. गेली दोन-तीन वर्षं मोहरम जून-जुलैत, नेमका कॉलेज सुरू होण्याच्या सुमाराला येतोय, त्यामुळं सरावाचे पहिले पंधरा दिवस पोरं पंजाच्या सेवेत असतात. पंजासमोर फातिहा पढून मी तालमीच्या जुन्या कारभाऱ्यांशेजारी बसलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “पोराचा गुडघा गेला तर डिसेंबरात आमी काय करायचं? ऑपरेशनचा खर्च तुमचं कॉलेज देणार का?” प्रश्न रास्त होता. गुडघ्याची दोरी तुटली की आठ-नऊ महिने पोर घरी बसतं, आणि चिखलात स्टड रुतून बसतो, अंग वळतं, पाय वळत नाही, तेव्हाच ती तुटते. शेवटी ठरलं ते असं. आठवड्यातून तीन दिवस तो येणार, पाणी साचलेल्या मैदानावर सराव करणार नाही, आणि दुखलं-खुपलं तर लगेच बाहेर. निघताना त्यांनी तालमीतले सहा जुने चेंडू एका पोत्यात घालून माझ्या स्कूटरवर ठेवले. “वापरा. आमच्याकडं नवीन आलेत,” म्हणाले. कॉलेजकडं धड दोनच चेंडू होते.

सरावाची वेळही बदलली. आधी तो संध्याकाळी पाचला असायचा. पाचला सराव म्हणजे एस.टी.नं जाणाऱ्या पोराची गाडी चुकणार, म्हणून ती पोरं अर्ध्यातून पळायची आणि सर त्यांच्या नावावर ‘शिस्त नाही’ असा शेरा मारायचे. आता सकाळी साडेसहाला. वसतिगृहातली पोरं अंथरुणातून उठून येतात, गावाकडची पहिल्या गाडीनं येऊन सातपर्यंत पोचतात. पाऊस हा प्रश्न मात्र सुटणारा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मैदान म्हणजे तळं. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात तर गावच पाण्यात होतं, खेळाचं नाव काढायची सोय नव्हती. मैदान हाताला लागलं नाही की सर पोरांना जिन्यावर पळवतात. तीन मजले, वर-खाली. सकाळी लवकर येणाऱ्या लेखनिक बाई रोज तक्रार करतात.

आता विचाराल, यंदा काय होणार? गेल्या वर्षीचे पाच जण पदवी घेऊन बाहेर पडले. गोल करणारा एकुलता एक फॉरवर्डही त्यांतच गेला. त्याच्या जागी दुसरा नाही. बचावफळी मात्र यंदा बरी आहे. चौघेही रोज येणारे, चौघांनाही एकमेकांची नावं माहीत. डोंगरात वाढल्यामुळं दम उपजत आहे, शिकवावा लागला नाही. मधल्या फळीत तो तालमीचा हाफ आहे, त्याच्या बाजूचे दोघं अजून चेंडू आला की घाबरतात आणि डोळे मिटून लांब मारतात. गोली चांगला आहे. उंची बेताची, पण पुढं सरसावून येतो. गेल्या वर्षीचा गोली रेषेवर खिळून उभा राहायचा आणि बचावफळीच्या मागची सगळी जागा मोकळी पडायची. हा तसा नाही. वाईट एवढंच, की त्याच्याकडं गोलकीपरचे हातमोजे नाहीत. भाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत वेल्डर आहे, त्याचे जाड कातडी मोजे घालून तो खेळतो. ओले झाले की ते विटेएवढे जड होतात.

गोल करणारा नाही, तर जिंकायचं कसं? आमचा बेत असा, की पहिला सामना ०-० वर ओढत न्यायचा. कॉर्नर आणि फ्री किक मिळाल्या तर तालमीचा हाफ चेंडू उचलून देईल, उंच पोरं डोकं लावतील. नाहीच झालं तर टायब्रेकर. गोल आठ फूट उंच आणि चोवीस फूट रुंद. पेनल्टी बारा यार्डांवरून. साधारण चार पेनल्टींत तीन आत जातात, म्हणजे गोलीनं एक जरी अडवली तरी पारडं फिरतं. हा काही देखणा फुटबॉल नव्हे. पायऱ्यांवरचं पब्लिक शिव्या घालेल, त्याची तयारी ठेवलीय. पण ज्यांच्याकडं फॉरवर्ड नाही त्यांनी देखणेपणाच्या गप्पा मारू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला सामना जिंकायची शक्यता मी निम्मी-निम्मी धरतो. दुसऱ्या फेरीत एखादं बलदंड कॉलेज समोर आलं तर बाहेर पडू. विभागाचं विजेतेपद वगैरे विसरा. पण दोन सामने झाले, म्हणजे विद्यापीठाच्या संघाची निवड करणाऱ्यांना आमचा गोली दोनदा दिसेल. त्या पोरासाठी एक सामना आणि दोन सामने यांत फार अंतर आहे.

सरांनी प्रवेशिकेचा कागद भरून वर पाठवलाय. सही होऊन अजून यायचीय. तोवर सराव थांबवू नका, असं ते पोरांना म्हणाले आणि पुन्हा जिन्याकडं बघायला लागले.

काल सकाळी भुरभुर पाऊस होता, तरी चौदा जण आले होते. मी छत्री धरून गोलच्या मागं उभा राहिलो आणि पोरांना पेनल्टी मारायला लावल्या. गोली प्रत्येक वेळी उजवीकडंच झेप घेत होता. पाच झाल्या, सहा झाल्या. शेवटी मी म्हटलं, “अरे, सारखा उजवीकडंच का जातोस?”

“डावीकडं डबकं हाय, चाचा.”

“सामन्यातही असंल की.”

त्यानं त्या डबक्याकडं बघितलं, ते जड मोजे पिळून पुन्हा हातात चढवले, आणि पुढच्या चेंडूला डावीकडं पडला.